पिवळा दिवा आणि बेचाळीस हजार

लाल दिव्याच्या गाडीचं आपल्याकडे कोण कौतुक होतं! २०१७ च्या मे महिन्यात सरकारनेच तो दिवा उतरवला आणि कित्येकांची स्वप्नं विझली. पिवळ्या दिव्याच्या नशिबात मात्र कौतुक कधीच नव्हतं. डॅशबोर्डवर इंजिनाचं ते चिमुकलं चित्र पेटलं, की डोळ्यांसमोर आधी ईएमआय उभा राहतो आणि मग सर्व्हिस सेंटरमधला तो गोड बोलणारा टायवाला. तो काय म्हणणार हेही आपल्याला पाठ असतं, 'सर, सेन्सर गेलाय. बदलावा लागेल.'

गेलाय? कशावरून? हा प्रश्न आपण डॉक्टरला विचारतो, प्लंबरला विचारतो, भाजीवाल्याला तर हमखास. गाडीच्या बाबतीतच आपली बोलती बंद!

आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीचंच घ्या. स्वतःच्या पगारातून घेतलेली सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक. दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला, कारण बाबांची बायपास झालीये आणि आईला एकटीला सगळं झेपत नाही. अशाच एका शनिवारी खंबाटकीच्या चढावर गाडीने मान टाकली. ही अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय, गाडी ढिम्म, आणि मागे कंटेनरवाला हॉर्न सोडायला तयार नाही. दिवा पेटलेला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, कोड आला पी-०१०७. मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर, उर्फ मॅप सेन्सर, बदलला. ३,८०० रुपये. तीन आठवड्यांनी तोच घाट, तोच दिवा, तोच कोड. आता म्हणे इसीयू, म्हणजे गाडीचा मेंदूच बदलायचा. एस्टिमेट ४२,०००! भाऊ म्हणाला, 'विकून टाक तो खटारा.' लंचला ही डबा न उघडता तो कागद बघत बसलेली.

मी म्हटलं, 'थांब. पैसे भरण्याआधी आकडे बघू.'

आधी हा सेन्सर करतो काय, ते बघा. शहाळं पिताना स्ट्रॉ चिमटीत दाबून धरली आणि तरी जोरात ओढलं, तर गाल आत जातात ना? इंजिनाचं तसंच. पिस्टन हवा ओढत असतात आणि थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, त्यामुळे मधल्या नळकांड्यात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, दाब खाली जातो. झडप उघडली की दाब चढतो. सेन्सरच्या पोटात सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो. तो दाबाबरोबर वाकतो आणि त्यानुसार सेन्सर इसीयूला व्होल्टेज पाठवतो. दाब, इंजिनाचे फेरे आणि हवेचं तापमान यांवरून इसीयू हिशोब करतो की आत हवा किती आली आणि पेट्रोल किती सोडायचं. (काही गाड्यांत हे काम मास एअर फ्लो सेन्सर करतो. तुमच्या गाडीत कोण आहे ते आधी पाहून घ्या.) सेन्सरने दाब जास्त सांगितला की पेट्रोल जास्त, मग काळा धूर आणि अ‍ॅव्हरेजचे बारा वाजले. कमी सांगितला की इंजिन उपाशी. सिग्नल गायबच झाला, तर बरेचसे इसीयू थ्रॉटल आणि फेऱ्यांवरून अंदाजपंचे काम चालवतात. सिग्नलला खपून जातं, घाटात नाही.

आता त्या कोडबद्दल. पी-०१०७ चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाहीच मुळी! अर्थ एवढाच, की त्या सर्किटमधून येणारं व्होल्टेज फारच कमी आहे. पी-०१०८ म्हणजे फार जास्त. पी-०१०६ म्हणजे सेन्सर सांगतोय ते बाकीच्या मंडळींशी जुळत नाही. कोड ही फक्त तक्रार असते. पोलिसात तक्रार आली म्हणून शेजाऱ्याला फाशी देत नाहीत.

संध्याकाळी बेसमेंट पार्किंगमध्ये गेलो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये माझा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर खुपसला. काही शेकड्यांत मिळतो हा, आणि अ‍ॅप मोबाइलवर. पहिली टेस्ट इतकी सोपी की हसू येतं : इग्निशन ऑन, इंजिन बंद. इंजिन फिरत नाही म्हणजे कोणी हवा ओढत नाही, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या वातावरणाचाच दाब. सेन्सरने तोच दाखवायला हवा. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या. निसर्गाने फुकट दिलेलं मोजमाप आहे हे. पुण्यात उभ्या गाडीचा सेन्सर ६० सांगायला लागला आणि वायरिंग ठीक असेल, तर खुशाल बदला. तिच्या गाडीने सांगितलं ९५.

मग इंजिन चालू. गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून, धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलला साधारण ३० ते ४० दाखवतं. तिचं ३४. अ‍ॅक्सिलरेटरला झटका दिला की आकडा क्षणात वर आणि पाय काढताच खाली. अगदी शहाण्यासारखा. इथे एक गंमत सांगतो, कारण इथेच पुष्कळ सेन्सर हकनाक बळी जातात. बंद इंजिनाला आकडा बरोबर, पण आयडलला ५५-६० आला, तर सेन्सर बहुधा खरंच बोलतोय! कुठेतरी पाइपला चीर पडून हवा आत येतेय, नाहीतर टायमिंग सरकलंय. असल्या गाडीत नवा सेन्सर घातलात तर तोही तेच खरं सांगणार, फक्त महागात.

तर सेन्सर ठणठणीत. सर्व्हिस सेंटरमध्येही उभ्या गाडीवर असंच दिसलं असणार, म्हणून त्यांनी थेट मेंदूवर बोट ठेवलं. पण कोड चालत्या गाडीत येत होता, चढावर, धक्के बसताना. हलल्यावरच बिघडतं म्हणजे संशय वायरवर.

पुढचं काम माझं नव्हे. कोपऱ्यावरचे ऑटो इलेक्ट्रिशियन काका आले, एका हातात मल्टिमीटर, दुसऱ्यात कटिंग चहा. सेन्सरला तीन वायर, एक इसीयूकडून येणारी पाच व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नलची. (हवेचं तापमानही तोच सेन्सर मोजत असेल तर चार.) काकांनी प्लग काढून मोजलं, ४.९८. 'ताई, आता बघा हं,' म्हणत त्यांनी वायरिंगचा जुडगा बॅटरीच्या बाजूला हलवला. शून्य. पुन्हा हलवला, ४.९८. मग इसीयूच्या टोकाला मोजलं, तिथे पाच व्होल्ट जागच्या जागी, हलायला तयार नाहीत. म्हणजे मेंदू शाबूत, नस तुटलेली.

काळी टेप सोलली. आत पाच व्होल्टची वायर कुरतडलेली, दोन-चार तारांवर तग धरून. बाजूला लेंड्यांचा पुरावा! बाप्पाच्या वाहनाने आमच्या मैत्रिणीच्या वाहनावर हात साफ केला होता. काकांनी तुकडा कापला, नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह, वर टेप, कोड क्लिअर. मजुरी ४५० रुपये. 'काका, एवढेच?' ती दोनदा विचारत होती. 'मग काय सोन्याची वायर लावली का ताई?'

सर्व्हिस सेंटरला मी व्हिलन ठरवणार नाही. त्या पोराला टार्गेट आहे, मेकॅनिकला दिवसात ठरलेल्या गाड्या बाहेर काढायच्यात, आणि वायर शोधण्यापेक्षा पार्ट बदलणं कधीही फास्ट. पण म्हणूनच काउंटरवर विचारायचं, तेही हसत : इंजिन बंद असताना आकडा किती आला? आयडलला किती? कनेक्टरवर पाच व्होल्ट मोजले का, वायर हलवून मोजले का? उत्तरं जॉब कार्डवर लिहून मागा. 'स्कॅनरमध्ये आलंय' हे उत्तर नव्हे. आणि जुना सेन्सर परत मागून घ्या. तिने मागितला नव्हता, नाहीतर तो नक्की चालला असता.

त्यानंतर चार शनिवार झाले. खंबाटकी चढून गाडी वेळेत साताऱ्याला पोचतेय, बाबा गेटपर्यंत चालत येतात म्हणे. दिवा परत लागलेला नाही. उंदीर मात्र आहेतच. सोसायटीच्या ग्रुपवर सध्या डांबरगोळ्या की तंबाखूची पुडी यावर जुंपली आहे, आणि सेक्रेटरींचं म्हणणं असं, की गणपती होईपर्यंत उंदरांना कोणी हात लावायचा नाही.