दोन कार्डांचा हिशेब

संगणक घ्यायला निघालेल्या विद्यार्थ्याला कोणी ना कोणी अजूनही एक सल्ला देतो : नवे, महाग ग्राफिक्स कार्ड कशाला? जुनी, स्वस्त अशी दोन कार्डे जोडीने बसव. कमी पैशांत तीच शक्ती पदरात पडेल. पगारातून शिल्लक टाकून मुलासाठी संगणक घेणाऱ्या पालकालाही हा हिशेब पटतो. एकास एक मिळविला की दोन होतात, यात शंका कसली? दुर्दैवाने ही बेरीज संगणकाच्या पेटीत होत नाही.

कल्पना मुळात खोटी नव्हती. १९९८ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीची दोन व्हूडू-टू कार्डे पडद्यावरील ओळी आपसांत वाटून घेत असत. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय आणि पुढल्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर ही योजना बाजारात आणली. त्यांत वाटणी बहुधा अशी असे की, एक फ्रेम पहिल्या कार्डाने काढावी आणि पुढची दुसऱ्याने. परंतु प्रत्येक कार्डाला संपूर्ण दृश्याची सामग्री स्वतःजवळ बाळगावी लागते. म्हणून आठ गिगाबाइटची दोन कार्डे घेतली तरी गेमच्या दृष्टीने स्मृती सोळा नव्हे, आठच राहते. शिवाय दोघांच्या फ्रेमा समान अंतराने येतीलच असे नाही. सेकंदास पडणाऱ्या फ्रेमांचा आकडा मोठा दिसतो आणि डोळ्यांना चित्र अडखळताना जाणवते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दुसऱ्या कार्डाची उपयुक्तता ते विकत घेणाऱ्याच्या हाती नसते. गेम तयार करणाऱ्याने दोन कार्डांसाठी वेगळी मेहनत घेतली, तरच ते कामाला लागते. एरवी ते नुसते बसून असते. अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्यांचाच हा प्रकार आहे. दोन कार्डे बाळगणारे ग्राहक थोडे, म्हणून गेमकर्ता त्यांच्यासाठी खर्च करीत नाही; तो करीत नाही म्हणून ग्राहक आणखी रोडावतात. २०१५ साली आलेल्या डायरेक्टएक्स-१२ ने ही जबाबदारी बरीचशी गेमकर्त्यांवरच सोपविली, आणि फारच थोड्यांनी ती उचलली. मग उत्पादकांनीही काढता पाय घेतला. एएमडीच्या २०१९ मधील आरएक्स ५७०० कार्डांत क्रॉसफायर नव्हते. एनव्हिडियाच्या २०२० च्या मालिकेत केवळ सर्वांत महागड्या ३०९० कार्डाला जोडणीची सोय राहिली, आणि २०२२ च्या ४०९० मधून तीही गेली.

विजेचे काय? जादा कार्ड २०० वॅट घेते आणि संगणक रोज चार तास राबतो असे धरले, तर वर्षाला २९२ युनिटे होतात; दहा रुपये दराने ती २,९२० रुपयांची पडतात. अधिक क्षमतेचा पॉवर सप्लाय, दोन कार्डे सामावणारा मदरबोर्ड आणि उन्हाळ्यात खोलीत साठणारी उष्णता यांचा जमाखर्च निराळाच.

याचा अर्थ दोन कार्डे सर्वांनाच निरुपयोगी आहेत असा नव्हे. ज्या कामाचे तुकडे पाडणे सोपे असते, तेथे ती खरोखर कामी येतात. ब्लेंडरमध्ये चलच्चित्रे तयार करणाऱ्याचा वेळ वाचतो. भाषा-प्रारूपे घरच्या यंत्रावर चालविणाऱ्याला प्रारूपाचे थर दोन कार्डांच्या स्मृतीत विभागून ठेवता येतात. गेममध्ये न होणारी बेरीज तेथे होते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी हाच मुद्दा घरी पुढे करील, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. परंतु अभ्यासक्रमातील प्रयोगांना एवढी स्मृती लागते काय, हे त्याने आधी सांगावे. गूगल कोलॅबसारख्या सेवेत मर्यादित वेळ का होईना, असे कार्ड विनामूल्य वापरता येते. (मुलांना हे ठाऊक असते, पालकांना सांगितले जातेच असे नाही!)

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार जुन्या कार्डांची जोडी दाखवील, तर त्यात त्याची लबाडीच असते असे मानण्याचे कारण नाही. त्याला माल खपवायचा आहे. ज्याच्या घरी एक जुने कार्ड आहे, त्याने त्याला जोडीदार शोधीत बसू नये. किंमत येते आहे तोवर ते विकावे आणि दुसऱ्या कार्डासाठी बाजूला काढलेली रक्कम त्यात घालून एकच नवे घ्यावे. नवी मालिका बाजारात आली की जुन्याचा भाव आणखी उतरतो.