अंतराळातील बोनसचा प्रश्न

वैज्ञानिक चित्रपट म्हणजे वास्तवाला पाठ फिरवणाऱ्यांची करमणूक, असे मत आपल्या महाविद्यालयातही वारंवार ऐकू येते. मला ते मान्य नाही. माझ्या बाजूने मी एकच साक्षीदार उभा करतो : रिडली स्कॉट यांचा १९७९ सालचा ‘एलियन’.

या चित्रपटातील अक्राळविक्राळ प्राण्याविषयी सारेच बोलतात. स्विस कलावंत गिगर यांनी तो कल्पिला आणि तो भयंकर आहे, यात शंका नाही. मला मात्र भुरळ घातली ती ‘नोस्ट्रोमो’ या यानाने. हे यान म्हणजे एक मालवाहू गाडी. २ कोटी टन खनिज ओढत ते पृथ्वीकडे परत निघाले आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ च्या चित्रपटातील याने इस्पितळासारखी पांढरीशुभ्र. इथे वरून पाणी ठिबकते. ब्रेट नावाचा यंत्रकामगार टोपी आणि फुलाफुलांचा सदरा घालून वावरतो. दारांवरच्या, धोक्याच्या जागांवरच्या खुणा रॉन कॉब या चित्रकाराने मुद्दाम नव्याने आखल्या. जेवणाच्या टेबलावर खेळण्यातला एक पक्षी सारखा वाकत असतो. माझे वडील ट्रक चालवतात. त्यांच्या केबिनमध्ये मान हलवणारा एक कुत्रा आहे. तो पक्षी पाहिला आणि यान ओळखीचे वाटले.

यानावर सात माणसे आणि एक मांजर. दीर्घ झोपेतून उठून पहिल्याच जेवणाला बोलणे निघते ते बोनसचे! पार्कर आणि ब्रेट यंत्रघरात राबणारे; इतरांपेक्षा आपल्याला वाटा कमी, ही त्यांची तक्रार. पुढे वाटेत एक अनोळखी संदेश मिळतो. तिकडे जाणे आपले काम नव्हे, असे पार्कर म्हणतो. तेव्हा त्याला करारातले कलम ऐकवले जाते : शोध घेतला नाही, तर सगळा वाटा जप्त. पार्करचा विरोध तिथेच संपतो.

माझ्या मते चित्रपटातील भय इथेच सुरू होते. राक्षस मागाहून येतो. कंपनीला तो प्राणी हवा आहे आणि त्यापायी माणसे गेली तरी चालतील, असा गुप्त हुकूम पुढे उघडकीस येतो. मला त्याचे नवल वाटले नाही. ते कलम ऐकले तेव्हाच मी धसकलो होतो.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत ट्रकच्या कर्जाचे कागद आहेत. दाखवले तिथे वडिलांनी सह्या केल्या. ते इंग्रजी कागद वाचू शकणारा घरातला पहिला माणूस मी. गेल्या दिवाळीत ते वाचले. एक कलम तीनदा वाचले आणि वडिलांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “असू दे बाळा, गाडी चालतीय ना.”

मित्रहो, यान कसे उडते हे दाखवणारे चित्रपट पुष्कळ आहेत. यानावरच्या कोणाला किती मिळते आणि कोणाची सही कशावर आहे, हे ज्याने दाखवले, त्याला पळवाट म्हणायला मी तयार नाही.

(द्वितीय वर्ष, कला)