चार दिवसांचं पॅकेज आणि रजेचा हिशेब

“जय भीम सिस्टर. इस्तंबूलचं केस लावायचं पॅकेज आलंय, चार दिवसांचं. हॉटेल, गाडी सगळं त्यातच. रजा किती टाकू?”

शारजात बांधकामावर असलेल्या आमच्या वस्तीतल्या एका पोराचा हा मेसेज. वय एकोणतीस, पुढचे केस गेलेले, दोन महिन्यांवर लग्न. “कमावतोय तर केसांवर उधळतोय” असं त्याच्या आईला ऐकवणारे आपल्यातच आहेत. मला ते पटत नाही. पैसा त्याच्या घामाचा, डोकंही त्याचंच. माझं भांडण केसांशी नाही, त्या ‘चार’ आकड्याशी आहे.

चार दिवस हा क्लिनिकचा हिशेब. पहिल्या दिवशी विमानतळ आणि तपासणी, दुसऱ्या दिवशी सहा ते आठ तास मुळं काढून लावायचं काम, मग पट्टी काढायची, डोकं कसं धुवायचं ते दाखवायचं आणि निरोप. खुर्ची पुढच्या माणसासाठी मोकळी.

शरीराचा हिशेब वेगळा. कपाळावरची सूज दोन-चार दिवसांत डोळ्यांवर उतरते, म्हणजे नेमकी परतीच्या प्रवासात. लावलेली मुळं नीट धरायला साधारण दहा दिवस लागतात. तोवर धक्का नको, खाजवणं नको, घट्ट टोपी नको. खपल्या पडायला दहा ते चौदा दिवस. त्यानंतर काही आठवड्यांत लावलेले केस बरेचसे गळतात. यात बिघडलेलं काही नसतं, मुळं आत असतात. नवे केस तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात आणि पूर्ण निकाल कळायला वर्ष जातं. दोन महिन्यांनी स्टेजवर उभं राहायचं असेल, तर फोटोत आजच्यापेक्षाही विरळ दिसशील, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता कामाचं बघा. पॅकेज बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एसीत, खुर्चीवर बसणारा माणूस असतो. तो आठवड्याभरात कामावर जाऊ शकतो. आमच्या पोराच्या डोक्यावर दिवसभर हेल्मेट. ते काढलं तर जिवाला धोका, घातलं तर मुळांना. किमान दोन आठवडे हेल्मेट नको, काही सर्जन महिनाभर थांबायला सांगतात. वर ऊन आणि घाम. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे, पण बाकीचे तास? आणि लेबर कॅम्पच्या भरलेल्या खोलीत, धुळीत, उशाला उंची देऊन झोपणार कुठे?

म्हणून मी त्याला लिहिलं: चार नव्हे, तीन ते चार आठवडे धर. त्यापेक्षा वर्षाच्या रजेवर घरी येतोस, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुंबई-पुण्यात नोंदणीकृत सर्जनकडून करून घे. उरलेली रजा आईच्या हातचं खाऊन जाईल, आणि काही वाटलं तर तोच डॉक्टर लोकलने गाठता येईल.

केसांचं निदान वरवरचं काम आहे. पोट, चरबी, छाती यांच्या शस्त्रक्रियेसाठी थायलंड-तुर्कीला जाणाऱ्यांनी तर परतीचं तिकीट आधी काढूच नये, काढलंच तर तारीख बदलता येईल असं काढावं. मोठी शस्त्रक्रिया आणि विमानात तासन्‌तास बसणं, दोन्हींनी पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. ती फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये छातीच्या किंवा चरबी काढायच्या शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात दिवस, पोट किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमान टाळायला सांगतात. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अशा शस्त्रक्रियांनंतर 2009 ते 2022 या काळात 93 अमेरिकन नागरिक दगावल्याची नोंद अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने केली आहे. तपासलेल्या मृत्यूंत बहुतेकांच्या बाबतीत रक्ताची किंवा चरबीची गाठ हेच कारण निघालं. जखमेतला काही जंतुसंसर्ग तर कित्येक आठवड्यांनी डोकं वर काढतो. तेव्हा एजंट फोन उचलत नाही आणि इथल्या डॉक्टरच्या हाती कागद नसतो. ऑपरेशनचा पूर्ण कागद, औषधांची नावं, इंग्रजीत, निघण्याआधी हातात घ्या.

दातांच्या इम्प्लांटचंही तसंच. हाडात स्क्रू बसल्यावर तो धरायला तीन ते सहा महिने जातात, मगच वरचा दात. म्हणजे बहुधा दोन फेऱ्या, दोन तिकिटं, दोन रजा. जाहिरातीत एकाच फेरीचा खर्च असतो.

काल रात्री त्याचा मेसेज आला. इस्तंबूलची आगाऊ रक्कम भरलेली नाही. लग्नाच्या रजेला जोडून पंचवीस दिवस जास्तीचे मागितलेत, केसांचं लग्नानंतर बघू म्हणतो. फोरमन रविवारी सांगणार आहे.