टीव्हीसमोरचं टेनिस : खेळा, पण व्यायामाच्या हिशेबात धरू नका

"डॉक्टर, आम्ही घरात टीव्हीवर रोज टेनिस खेळतो, घाम येतो. मग वेगळं चालायला जायची गरज आहे का?" हा प्रश्न मला विचारला जातो. माझं उत्तर : हो, आहे.

निन्टेन्डो कंपनीचा 'वी' हा कन्सोल २००६ साली आला. हातातला रिमोट हलवला की पडद्यावरची रॅकेट हलते, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळे खेळू शकतात. कन्सोल आता जुना झाला, पण हौशी लोक त्याचं सॉफ्टवेअर बदलून हार्ड डिस्कवर भरपूर गेम भरतात आणि पुन्हा वापरात आणतात. (गेमच्या नकला करणं कायद्यात बसतं का, हा वेगळा विषय. तो वकिलांना विचारा.)

२००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलांवरचा एक छोटा अभ्यास आला होता. बसून खेळायच्या गेमपेक्षा वीवर जास्त ऊर्जा खर्च झाली, पण खरा खेळ खेळताना होते तेवढी नाही. कारण साधं आहे. रिमोटला फक्त हाताचा झटका कळतो, पाय धावले की नाही हे कळत नाही. चार दिवसांत मुलांना ते उमगतं आणि ती सोफ्यावर बसून मनगटाने सामना जिंकतात!

उलट मोठी माणसं उत्साहाने अख्खा हात फिरवतात. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २९ वर्षांच्या एका निवासी डॉक्टरची हकिगत छापून आली. कित्येक तास वीवर टेनिस खेळून तो झोपला आणि सकाळी उजवा खांदा प्रचंड दुखत उठला. खांद्यामागचा स्नायू हाडाला जिथे दोरीसारखा जोडलेला असतो, तिथे सूज आली होती. खऱ्या टेनिसमध्ये रॅकेटला वजन असतं, धावून दम लागतो, माणूस आपोआप थांबतो. इथे रिमोट हलका, दम लागत नाही आणि खांदा मात्र शेकडो वेळा तोच झटका खातो.

म्हणूनच बदल केलेल्या कन्सोलबद्दल मी जास्त सावध आहे. मूळ कन्सोल सुरू होताना आरोग्याची सूचना दाखवतो, खेळताना मधूनच 'थोडी विश्रांती घ्या' असंही सुचवतो. काही बदलांमध्ये सुरुवातीची सूचना वगळली जाते. शिवाय डिस्क बदलायलाही उठावं लागत नाही. एक गेम संपला की दुसरा तयार! पाहुणे जमले की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. तेव्हा घड्याळाचा गजर लावा. अर्धा तास झाला की रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या.

रिमोटची दोरी मनगटात घाला, टीपॉय बाजूला करा, सतरंजी गुंडाळून ठेवा. वयस्कर मंडळींनी पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर खेळू नये. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा त्रास जास्त दिसतो, त्यांनी मोठे झटके टाळावेत. फिट्स येणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

खेळल्यानंतर एक-दोन दिवस खांदा जड वाटला तर विश्रांती पुरते. पण हात डोक्यापर्यंत उचलताच येत नसेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर दाखवायला या. आणि खेळताना छातीत दुखलं किंवा डावा हात भरून आला, तर तो खेळाचा थकवा समजून घरी बसू नका, लगेच रुग्णालयात जा.