निर्दोष सुटला, पण कुठून?

आमच्या खाप्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे बरीच आहेत. कुणाची निवड झाली की हाती साक्षांकन नमुना येतो आणि काही जण तो घेऊन माझ्याकडे येतात. कधी अटक झाली होती का? गुन्हा दाखल होता का? खटला चालला का? शिक्षा झाली का, हा त्यातला फक्त एक प्रश्न.

मोहल्ल्यातल्या भांडणात पंधरा नावे लिहिली जातात, काही वर्षांनी सगळे सुटतात. अशा मुलाला मी सांगतो, बाबा, खरे लिही. लपवलेस तर त्याच कारणावरून नोकरी जाईल. पण खरे लिहिल्यावर मिळेलच, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नियम घालून दिले. किरकोळ प्रकरण असेल तर अधिकाऱ्याने समजुतीने घ्यावे, हे चांगलेच. पण गंभीर गुन्ह्यात सुटका ‘स्वच्छ’ नसेल, संशयाचा फायदा मिळाला असेल, तर नेमणूक नाकारता येते. आता मला सांगा, निकालपत्रात कोणता शब्द यावा हे आरोपी ठरवतो का? तपास ढिला पोलिसांनी केला, साक्षीदार उलटले सरकारचे, आणि डाग मात्र पोराच्या कपाळी! ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ हा शब्द फौजदारी प्रक्रिया संहितेत नाहीच, असे याच न्यायालयाने २०१२ साली म्हटले होते.

मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात नऊ मुसलमानांना अटक झाली. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तरी अटक झाली होती का, या रकान्यात त्यांचे उत्तर जन्मभर ‘हो’ असेच राहणार.

हे दुखणे एकट्या मुसलमानांचे नाही, हेही आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावे. आपल्या विदर्भातल्या पारध्यांना विचारा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, संशयाची नजर गेली नाही.

पडताळणी करू नका, असे कोण म्हणतो? पोलीस खात्यात गुंड नको, हे मलाही कळते. पण गुन्हा नोंदवणारे तुम्हीच, निकालाची प्रतही सरकारदरबारीच. मग अहवालात कलमे लिहिता तशी सुटकेची तारीखही लिहा. निकालपत्र वाचा. आणि नाकारायचेच असेल तर त्या निकालातले कोणते वाक्य आड आले, ते ठरलेल्या मुदतीत लेखी द्या. म्हणजे पोराला ते घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात तरी जाता येईल.