बोक्याला माज आलाय?

‘बोक्याला माज आलाय!’

आमच्या रूमवर यावर एकमत झालं. एरवी संध्याकाळी भाजी कोणती करायची यावरही आम्हा तिघींचं जमत नाही. पण बबड्याने सलग दुसऱ्या दिवशी माझ्या गादीवर सू केली आणि शेवगावच्या रूममेटने निकालच देऊन टाकला. ऑनलाइन मागवलेला झाकणाचा लिटर बॉक्स, त्यात सुवासिक माती, आणि हा पठ्ठ्या तिकडे ढुंकूनही बघत नव्हता. मी त्याच्यावर ओरडले. एकदा तर मानगूट धरून बॉक्समध्ये नेऊन बसवलं. घरमालकीण काकूंचा सल्ला सरळ होता, ‘पोत्यात घाला न् एमआयडीसीत सोडून या. तिथं उंदरं लई.’

तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून बॉक्समध्ये गेला. आम्ही खूश. पण तो बसला, उठला, परत बसला. कसेबसे दोन थेंब आले आणि तो असा ओरडला, की आम्ही तिघी तशाच रिक्षात बसलो.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. लघवीचा मार्ग तुंबला होता. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, त्यात बारीक खडे किंवा चिकट गुठळी अडकते. मार्ग पूर्ण बंद झाला, तर एक-दोन दिवसांत किडनी हात टेकते आणि जीव जाऊ शकतो. भूल देऊन नळी घातली, मार्ग मोकळा झाला. माझ्या महिन्याच्या मेसचे पैसे गेले, बबड्या वाचला.

आम्ही ज्याला माज म्हणत होतो, ते दुखणं होतं. आणि दुखणाऱ्या जिवाला मी मानगूट धरून शिस्त लावत होते!

म्हणून सांगते, मांजर बॉक्स सोडून दुसरीकडे जायला लागलं, की त्याची केस शिस्तीच्या खात्यात टाकू नका. आधी डॉक्टर, मग बॉक्स आणि स्वभावाचा नंबर सगळ्यात शेवटी. बोका सारखा बसतोय, थेंबथेंब होतंय, रक्त दिसतंय, तर ‘उद्या बघू’ म्हणायचंच नाही. आणि उभ्याने, शेपटी वर करून भिंतीवर फवारा मारत असेल, तर ती हद्द आखणं आहे. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं ते कमी होतं.

बरं, घरी आल्यावरही बबड्या बॉक्सकडे जाईना. जिथं दुखलं, ती जागा त्याला नको होती. मग आम्ही पहिल्यांदा त्याच्या बाजूने विचार केला. बॉक्स होता कुठे? बाथरूमच्या दारामागे, वॉशिंग मशिनला खेटून. मशिन गरगरलं की हा पळणार. वर झाकण, म्हणजे आतला वास आतच. साफसफाई तीन दिवसांनी, कारण ‘आज तुझा नंबर होता’ हे भांडण. आणि तो गुलाबाचा सुवास आपल्या नाकासाठी, मांजराच्या तिखट नाकाला ती शिक्षाच.

मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले रानमांजर. मऊ माती उकरायची, काम उरकायचं, झाकून टाकायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. आपल्या पाथर्डी-पारनेरकडच्या वाड्यावस्त्यांवर कुणी लिटर बॉक्स ठेवला होता का? चुलीची राख होती, वावर होतं, बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. तिथेही लोक राख-वाळूच वापरायचे. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या एड लोव यांनी शेजारणीला वाळूऐवजी ओल शोषणारी माती दिली. आपण चेहऱ्याला लावतो ना, त्या मुलतानी मातीच्याच जातीची. तिथून हा सगळा धंदा उभा राहिला. म्हणजे मांजराने कधीच काही जास्त मागितलं नाही. त्याला फरशीच्या फ्लॅटमध्ये आपण आणलं, तेव्हा माती पुरवायचं कामही आपलंच.

आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून मोठं प्लास्टिकचं घमेलं आणलं. वाळूचा विचार सोडून दिला, नगर जिल्ह्यात वाळूचा विषय काढायलाही भीती वाटते राव! बिनवासाची बारीक माती दोन इंच पसरली. घमेलं खिडकीपाशी, जेवणाच्या ताटलीपासून लांब. रोज दोनदा उपसायचं, नंबर कुणाचाही असो. मांजरं जितकी, त्याहून एक भांडं जास्त असावं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून दुसरं गॅलरीत. गादीला एन्झाइमवालं क्लीनर लावलं, कारण जुना वास राहिला की मांजर परत तिथेच जातं. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या मात्र बंद केल्या. दोन्ही मांजरासाठी विषारी आहेत आणि आपण बिनधास्त कोपऱ्याकोपऱ्यात टाकत असतो.

आठवड्याभरात बबड्या घमेल्यात जायला लागला.

आता स्वतःकडे बघा. कॉलेजचं टॉयलेट घाण असलं की आपण मुली काय करतो? सकाळपासून पाणीच पीत नाही. संध्याकाळी डोकं दुखतं, पुढे कधी इन्फेक्शन होतं, तरी तोंडातून शब्द नाही. बबड्याने निदान तक्रार तरी केली, तीही थेट गादीवर. आपण तक्रार करत नाही, आणि दुसऱ्याने केली की त्याला माज म्हणतो.

राहिला पोत्याचा सल्ला. उपाशी-तहानलेलं मरेल अशा ठिकाणी प्राण्याला कारण नसताना सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. वडापावच्या पैशात सुटका! त्यामुळे कायद्याच्या धाकाने कुणी थांबेल अशी आशा नाही. थांबायचं ते आपल्यालाच. घरातल्या ताटलीत वाढलेल्या मांजराला एमआयडीसीतले उंदीर पकडता येतील, हे आपण स्वतःच्या समाधानासाठी म्हणतो.

मांजर घरी आणायच्या आधी स्वतःला एकच विचारा, रील काढायला तयार आहात, रोज दोनदा घमेलं उपसायला आहात का? नसाल, तर आणू नका. त्यात काही कमीपणा नाही.

काकू परवा वर आल्या होत्या. घमेलं बघून म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी होतं व्हय त्याचं?’

हो काकू. एवढ्यासाठीच.