संशोधनाचे प्रश्न कोणी ठरवावयाचे?

शिक्षणात संगणक व मोबाइल यांचा वापर करावा की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. 'दीक्षा' आणि 'स्वयम्' हे शासकीय उपक्रम २०१७ साली सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शैक्षणिक तंत्रज्ञानासाठी स्वायत्त राष्ट्रीय मंचाची कल्पना मांडली. या क्षेत्रात देशपातळीवर संशोधन व्हावे, याविषयीही दुमत नाही. मात्र ते कोणत्या प्रश्नांवर व्हावे आणि ते प्रश्न कोणी ठरवावेत, याची चर्चा अभावानेच होते.

वस्तुतः खरी मेख येथेच आहे. २०२१ च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. केवळ प्रसार मोजणाऱ्याचे एवढ्याने समाधान व्हावे. परंतु घरातला फोन मुलाच्या हाती पडतो काय, असे विचारताच चित्र पालटते. अशा घरांतील सुमारे एकचतुर्थांश मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. हा दुसरा प्रश्न शिक्षकाला आणि पालकाला प्रथम सुचतो, कारण दोन भावंडांत एकच फोन असणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असते.

शिवाय या शिक्षणाचा खर्च कोण सोसतो, हेही पाहिले पाहिजे. पाठ शासन तयार करते. फोन आणि इंटरनेट यांचे पैसे कुटुंब मोजते, आणि माहिती भरण्यात वेळ जातो तो शिक्षकाचा. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. जो भार सोसतो, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार नसावा काय?

आपल्याकडे याचा वस्तुपाठ नाही, असे नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा त्याचे परिणाम अभ्यासण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ गावांत जाऊन राहिले होते. गुजरातेतील खेडा प्रकल्पात गावकऱ्यांच्या अडचणी त्यांच्याच सहभागाने पडद्यावर आल्या.

संशोधन हे तज्ज्ञांचे काम, त्यात सामान्यांची लुडबूड कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पद्धती तज्ज्ञांनीच ठरवावी, हे खरे. परंतु प्रश्नांची निवड ही निराळी बाब आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या 'जेम्स लिंड अलायन्स'च्या पद्धतीत रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर एकत्र बसून वैद्यकीय संशोधनाचा अग्रक्रम ठरवितात. त्यामुळे वैद्यकशास्त्राची प्रतिष्ठा उणावलेली नाही.

तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रम आखताना प्रत्येक राज्यात, तेथील भाषेत, शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्या बैठका घ्याव्यात. येणाऱ्यांना प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी. अन्यथा ज्यांचे ऐकावयाचे तेच गैरहजर राहतील. कोणते प्रश्न स्वीकारले आणि कोणते नाकारले, हे कारणांसह प्रसिद्ध करावे. निधीचा निश्चित वाटा या प्रश्नांसाठी राखून ठेवावा.

एवढे न झाल्यास अहवाल निघत राहतील, उपकरणांची खरेदीही होत राहील. वर्गातील शिक्षकाच्या अडचणी मात्र जागच्या जागी राहतील.